प्रयोगशाळेचा कौल

पूर्वीं खेडेगांवांत कांहीं चोरी झाली, कोणावर आळ आला, किंवा दोन भावांत बांधावरून तंटा लागला, म्हणजे मंडळी ग्रामदेवतेच्या देवळांत जमत, मूर्तीला फुलें नाहीं तर पानें चिकटवून कौल लावीत, आणि उजवीकडचें पडलें तर हा खरा, डावीकडचें पडलें तर तो खरा, असा निकाल घेऊन निमूटपणें घरीं परतत. या प्रकाराला सुशिक्षित मनुष्य आज हंसतो. परंतु तोच सुशिक्षित मनुष्य दिवाणखान्यांत वर्तमानपत्र उघडून बसला आणि त्यांत एखाद्या बलात्काराच्या खटल्याची हकीकत आली, म्हणजे त्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो हा कीं, "डी. एन्. ए. चा रिपोर्ट काय आला?" रिपोर्ट आरोपीविरुद्ध असला कीं खटला चालविण्याचीसुद्धां त्यास गरज वाटत नाहीं, रिपोर्ट नसला, किंवा त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं, कीं तो मान हलवून म्हणतो, "मग कांहीं तरी भानगड असणार, हल्लीं खोट्या फिर्यादी फार होतात." उजवें फूल आणि डावें फूल! देव बदलला, गुरव बदलला, कौल लावण्याची हौस मात्र जशीच्या तशी राहिली.

आम्ही शास्त्राचे द्वेष्टे नव्हों. उलट, ज्या शास्त्राच्या नांवानें हा कौल लावला जातो तें शास्त्र काय म्हणतें आणि काय म्हणत नाहीं, हें कोणी नीट विचारीत नाहीं, हीच आमची तक्रार आहे. आमच्या एका वकील स्नेह्यांनीं परवां आम्हांस ऐकविलें कीं, "आतां पीडित बाईला साक्षीच्या पिंजऱ्यांत उभें करून तिची विटंबना करण्याचें कारणच उरलें नाहीं, काय तें प्रयोगशाळा सांगेल." हेतु चांगला, पण विचार कच्चा, आणि या कच्च्या विचाराचें ओझें शेवटीं त्याच बाईच्या डोक्यावर येऊन बसतें, असें आमचें म्हणणें आहे. तें कसें, हें दाखविण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

१९८४ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांतील लेस्टर विद्यापीठांत अलेक जेफ्रीज या संशोधकाला असें आढळून आलें कीं, मनुष्याच्या पेशींतील डी. एन्. ए. मध्यें कांहीं भाग पुनःपुन्हां आलेले असतात, आणि त्यांचीं आवर्तनें माणसागणिक वेगळीं असतात. एकाच गर्भपेशीपासून झालेलीं जुळीं भावंडें तेवढीं अपवाद. बोटांच्या ठशाप्रमाणें ही मनुष्याची खूण ठरली. लेस्टरच्याच जवळ नारबरो व एंडरबी या गांवांकडे १९८३ आणि १९८६ सालीं दोन पंधरा वर्षांच्या मुलींवर अत्याचार होऊन त्यांचे खून झाले होते. दुसऱ्या खुनाची एका सतरा वर्षांच्या पोरानें पोलिसांपुढें कबुलीहि दिली होती. पोलिसांनीं जेफ्रीज यांजकडे नमुने नेले ते पहिलाहि खून त्याच पोराच्या गळ्यांत अडकेल या भरंवशावर. उत्तर आलें तें असें: दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे, पण तो माणूस हा नव्हे. या शास्त्रानें फौजदारी न्यायाच्या दारांत पहिलें पाऊल टाकलें तें एका निरपराध्याला सोडवून, ही गोष्ट आपल्याकडे 'फाशी, फाशी' म्हणून ओरडणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें त्या टापूंतील सुमारें ५,००० पुरुषांचें रक्त घेतलें गेलें, आणि खरा गुन्हेगार त्यांत सांपडला नाहीं. कारण त्यानें आपल्या जागीं दुसऱ्यालाच पाठविलें होतें! तो सांपडला तो त्या दुसऱ्या माणसानें एका मद्यगृहांत बोलतां बोलतां ती गोष्ट बाहेर टाकली म्हणून. मग त्याच्या रक्ताची परीक्षा झाली, ती जुळली, आणि १९८८ च्या जानेवारींत त्यास जन्मठेप झाली. म्हणजे या विद्येच्या पहिल्याच मोठ्या विजयांत माणसाचें बोलणें, दुसऱ्यानें तें ऐकणें, आणि ऐकून पोलिसांकडे जाणें, हें सर्व लागलेंच. आपल्याकडे हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रांत डॉ. लालजी सिंग यांनीं १९८८ च्या सुमारास ही विद्या साध्य केली, आणि तेव्हांपासून ती आपल्या न्यायालयांत वावरूं लागली.

आतां ही परीक्षा सांगते तें एवढेंच कीं, या कापडावरील किंवा या कापसाच्या बोळ्यावरील द्रव्य अमुक माणसाचें असणें अत्यंत संभवनीय आहे, किंवा तें त्याचें नाहीं. तें तेथें कसें आलें, कोणाच्या इच्छेनें आलें, याविषयीं ती मौन धरते. आणि तिनें तें धरावेंच, कारण तो तिचा विषय नव्हे. बलात्काराचा गुन्हा मात्र सगळा इच्छेच्याच प्रश्नावर उभा आहे.

ज्यांना हें तर्कट वाटत असेल त्यांनीं आपल्याच महाराष्ट्रांतील देसाईगंजचा खटला आठवावा. १९७२ च्या मार्चमध्यें, तेव्हांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील या गांवच्या पोलीस ठाण्यांत, चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मजूर मुलीला रात्रीं थांबवून घेण्यांत आलें. तिचीं माणसें बाहेर ताटकळत उभीं होतीं. पुढें रासायनिक पृथक्करणांत तिच्या कपड्यांवर आणि एका शिपायाच्या पायजम्यावर वीर्याचे डाग निघाले. संभोग घडला, ही गोष्ट सत्र न्यायालयानें मानली, आणि तरीहि आरोपी सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ते दोषी धरले. आणि १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस पुन्हां मोकळें केलें. कां? तर मुलीच्या अंगावर जखमा नाहींत, झटापटीच्या खुणा नाहींत, तेव्हां तिची संमति असली पाहिजे! यावर १९७९ सालीं उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनीं सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहून विचारलें कीं, शरण जाणें आणि संमति देणें यांत कांहीं भेद आहे कीं नाहीं? त्या पत्रानंतर देशभर जी चळवळ झाली तिच्या योगें १९८३ सालीं कायदा बदलला, आणि पोलिसांच्या ताब्यांतील स्त्रीनें 'माझी संमति नव्हती' असें सांगितलें तर न्यायालयानें तसेंच गृहीत धरावें असें ठरलें. समजा, १९७२ सालीं आजची डी. एन्. ए. परीक्षा हाताशीं असती, आणि तिनें तो डाग त्याच शिपायाचा आहे असें कोटींत एकाच्या हिशेबानें सिद्ध केलें असतें. तर निकालांत काय फरक पडला असता? तसूभरहि नाहीं. प्रश्न 'कोण' हा नव्हताच. प्रश्न एवढाच होता कीं, त्या मुलीच्या तोंडच्या 'नाहीं'ला वजन आहे कीं नाहीं. आणि तें वजन तोलण्याचा कांटा कलिन्याच्या प्रयोगशाळेंत नाहीं.

आणि बहुतेक खटल्यांत प्रश्न 'कोण' हा नसतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षें एकच गोष्ट सांगत आले आहेत: बलात्काराच्या शंभर फिर्यादींत नव्वदांहून अधिकांत आरोपी हा फिर्यादी स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, मालक, मित्र, नातलग, लग्नाचें वचन दिलेला तरुण. तो न्यायालयांत 'मी तो नव्हेंच' असें क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, 'ती राजी होती.' अशा वेळीं डी. एन्. ए. चा जुळलेला रिपोर्ट त्याच्या बचावाला धक्काहि लावीत नाहीं. तरीहि आमचे सुशिक्षित स्नेही सर्व भिस्त रिपोर्टावर ठेवतात, याचें कारण आम्हांस तरी एकच दिसतें. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची जबाबदारी अंगावर घेण्यापेक्षां ती यंत्रावर ढकलणें सोयीचें असतें.

येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें मान्य केली पाहिजे. फिर्यादी मुलगी अठरा वर्षांच्या आंतली असली, म्हणजे २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें संमतीचा प्रश्नच उरत नाहीं. आणि अशी एखादी मुलगी गरोदर राहिली असेल, तर गर्भाच्या किंवा अर्भकाच्या परीक्षेवरून बाप कोण हें ठरलें कीं, आरोपीला पळावयास वाट राहात नाहीं. घरांतल्याच वडीलधाऱ्यानें केलेलें पाप अशा रीतीनें उघडकीस येतें, आणि 'पोरगीच वाईट चालीची' म्हणणाऱ्या आप्तांची तोंडें बंद होतात. अनोळखी माणसानें अंधारांत गांठून केलेल्या अत्याचारांतहि या परीक्षेची सर दुसऱ्या कशाला येणार नाहीं. मात्र घरांतल्या खटल्यांतहि परीक्षा कोणत्या प्रकारची केली हें विचारलें पाहिजे. पुरुषाच्या 'वाय' गुणसूत्रावरून केलेली परीक्षा बाप, मुलगा, सख्खा भाऊ आणि चुलता या सर्वांची सामान्यतः एकच खूण दाखविते. ती कुळाचें नांव सांगते, माणसाचें नाहीं.

आतां डाव्या फुलाकडे वळूं. रिपोर्ट 'निरंक' आला, म्हणजे फिर्याद खोटी, असें मानणाऱ्यांनीं थोडा विचार करावा. स्त्रीच्या शरीरांतून घेतलेल्या नमुन्यांत पुरुषाचा अंश सांपडण्याची आशा फार तर तीन-चार दिवस असते. केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४ च्या सूचनांत ९६ तासांची मर्यादा धरली आहे. या तासांत ती स्नान करते, कपडे धुते, लघवीला जाते, अंथरुणांत तोंड खुपसून पडते. घरचीं माणसें 'बाहेर सांगावें कीं नाहीं' याची खल करीत बसतात. पुरुषानें निरोध वापरला असला तर अंश मिळण्याचा संभव आणखीच घटतो. शिवाय २०१३ सालीं कायद्यानें बलात्काराची व्याख्या रुंदावली, आणि बोटानें किंवा एखाद्या वस्तूनें केलेला अत्याचारहि तींत आला. तेथें वीर्याचा शोध घेणें म्हणजे विहिरींत पडलेली बादली ओढ्यांत शोधणें. सर्वोच्च न्यायालयानें २०१७ व २०२२ सालच्या निकालांत हेंच सांगितलें आहे कीं, परीक्षा जुळली तर तो प्रबळ पुरावा; ती जुळली नाहीं किंवा झालीच नाहीं, तरी उरलेल्या पुराव्याचा विचार केलाच पाहिजे. पीडितेची साक्ष विश्वसनीय असेल तर तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागत नाहीं, हें तर १९९६ सालींच ठरलेलें आहे. न्यायाधीशांनीं ज्या पायऱ्या इतक्या कष्टानें चढल्या, त्या आम्ही दिवाणखान्यांत बसून एका वाक्यांत उतरतों.

या ठिकाणीं आम्हांस एका जुन्या 'शास्त्रीय' पुराव्याची आठवण होते. पीडितेच्या तपासणींत डॉक्टरानें दोन बोटें घालून ती 'संभोगास सरावलेली' आहे कीं नाहीं असें लिहिण्याची चाल आपल्या रुग्णालयांत अनेक दशकें चालू होती. देसाईगंजच्या मुलीविषयींहि असेंच लिहिलें गेलें, आणि सत्र न्यायालयानें तें तिच्याविरुद्ध वापरलें. त्या वेळींहि हा प्रकार शास्त्र म्हणूनच चालत होता. कागदावर डॉक्टराची सही असे, शिक्का असे, आणि वाचणारे मान डोलवीत असत. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ही चाल स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली, आरोग्य खात्यानें २०१४ सालीं ती बंद करण्यास सांगितलें, आणि तरीहि २०२२ च्या ऑक्टोबरांत त्याच न्यायालयाला पुन्हां बजवावें लागलें कीं, जो कोणी यापुढें ही परीक्षा करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. दोन बोटांची परीक्षा आणि डी. एन्. ए. यांना आम्ही एका पंक्तीस बसवीत नाहीं. एक मुळांतच असत्य, दुसरी मुळांत सत्य. पण दोन्हींकडे पाहणाऱ्याची नजर तीच: बाई काय म्हणते तें सोडून बाकीचें सर्व पाहावयाचें.

परंतु आमची खरी तक्रार पुढेंच आहे. जी मंडळी डी. एन्. ए. वर एवढी श्रद्धा ठेवतात, त्यांच्या मनांत हा प्रश्न कधीं येत नाहीं कीं, तो नमुना बाईच्या शरीरापासून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत कोणत्या वाटेनें गेला. रुग्णालयांत डॉक्टर किंवा परिचारिका कापसाच्या बोळ्यांवर नमुने घेतात. ते बोळे सावलींत, वाऱ्यावर पूर्ण वाळवावे लागतात. ओलसर बंद केले तर बुरशी लागते आणि पुरावा कुजतो. मग ते कागदी पाकिटांत घालावयाचे, लाखेची मोहोर करावयाची, वर नांव, तारीख, वेळ लिहावयाची, आणि पोलिसाच्या स्वाधीन करून त्याची सही घ्यावयाची. पोलीस तें ठाण्यांत नेतो. तेथून पत्र तयार होतें, वरिष्ठांची सही होते, एखाद्या शिपायाला रिकामा वेळ मिळतो, आणि मग कधीं तरी तें पाकीट मुंबई, नागपूर, पुणें, नाशिक किंवा अशाच एखाद्या ठिकाणच्या न्यायसाहाय्यक प्रयोगशाळेंत पोंचतें.

या मधल्या 'कधीं तरी'मध्यें पाकीट असतें कोठें? मुद्देमालाच्या खोलींत. आमची एक चोरीस गेलेली सायकल सोडवून आणण्याच्या निमित्तानें एका तालुक्याच्या ठाण्यांतील अशी खोली आम्ही पाहिली आहे. दारूचे कॅन, गंजलेले कोयते, कोणाच्या तरी मोटारसायकलचीं चाकें, जुगाराच्या अड्ड्यावरील चटया, आणि एका खिडकीच्या फळीवर सुतळीनें बांधलेलीं पिवळीं पाकिटें. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यांतून पावसाचा ओघळ भिंतीवर आला होता. मुद्देमाल कारकून बिचारा भला माणूस. त्याच्याकडे वहीहि नीट होती. पण त्या पाकिटांत वाळलेला बोळा आहे कीं रक्ताची कुपी आहे, ती गार ठेवावयाची कीं उबेंत, हें त्यास कोणी कधीं सांगितलें नव्हतें. आम्हांस आमची सायकल मिळाली. त्या पाकिटांतल्या बायकांना काय मिळालें तें कोणास ठाऊक!

याचा परिणाम काय होतो तें न्यायालयांच्या निकालांत वाचावें. दिल्लींतील छावला येथून २०१२ च्या फेब्रुवारींत एका तरुणीला पळवून तिचा अत्याचार करून खून झाला. दोन न्यायालयांनीं तिघां आरोपींना फांशीची शिक्षा दिली. २०२२ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तिघांनाहि सोडलें. इतर अनेक उणिवांबरोबर न्यायालयानें हेंहि दाखवून दिलें कीं, १४ व १६ फेब्रुवारीस घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत ठाण्याच्या मालखान्यांत पडून होते, त्यांत ढवळाढवळ झाली नसेल असें म्हणतां येत नाहीं. आणि खालच्या न्यायालयांनीं डी. एन्. ए. च्या रिपोर्टाचा आधार काय, पद्धति बरोबर वापरली कीं नाहीं, याची चौकशीच केली नाहीं. म्हणजे दोन न्यायालयांनीं कौल घेतला, आणि तिसऱ्यानें गुरवाला प्रश्न विचारला. आपल्या ठाणें जिल्ह्यांतील २०१० सालच्या एका सहा वर्षांच्या मुलीच्या खटल्यांतहि हीच गत झाली. खालीं फांशी, आणि २०२३ च्या मेमध्यें सर्वोच्च न्यायालयांत सुटका. नमुने पाठविण्यांतील विलंबाचें स्पष्टीकरण नाहीं, ते भेसळीपासून मुक्त राहिले याची खात्री नाहीं. आणखी एका महाराष्ट्रांतील खटल्यांत तर निराळीच तऱ्हा. आरोपीचे नमुने घेतले होते, पण त्यांचा डी. एन्. ए. अहवाल खटल्यांत न्यायालयापुढें ठेवलाच गेला नाहीं. कां ठेवला नाहीं, याचें उत्तर सरकारपक्षाला देतां आलें नाहीं. २०१८ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें या कारणासह त्या आरोपीची फांशी रद्द करून जन्मठेप दिली. मनुष्याचा जीव घ्यावयास निघालेलें सरकार कागद पुढें करावयास विसरतें, याला काय म्हणावें?

अशा निकालांवर आमच्याकडे ओरड होते कीं, न्यायालयें तांत्रिक मुद्द्यांवर नराधमांना सोडतात. छावल्याच्या मुलीच्या आईबापांनीं असें म्हटलें तर आम्ही मान खालीं घालून ऐकूं. त्यांना तो अधिकार आहे. पण वर्तमानपत्रांत अग्रलेख लिहिणाऱ्यांना तो नाहीं. पाकीट कोणाच्या हातीं होतें, हा तांत्रिक मुद्दा नव्हे. तोच तर पुरावा आहे. तेरा दिवस कोणीहि उघडूं शकेल अशा कपाटांत पडलेल्या पाकिटावरून माणसाला फांशी देणें ज्यांना न्याय वाटतो, त्यांनीं स्वतःचा मुलगा त्या पिंजऱ्यांत कल्पून पाहावा. आणि जर खरे गुन्हेगारच सुटले असतील, तर त्यांना न्यायाधीशांनीं सोडलें नाहीं; ज्यांनीं पाकीट वेळेवर पाठविलें नाहीं, त्यांनीं सोडलें. या अपराधाबद्दल कोणाची बढती थांबली, असें आमच्या तरी वाचनांत आलेलें नाहीं.

कोणी म्हणेल, आपण गरीब राष्ट्र, आपल्याकडे असें होणारच. गरिबीचा येथें कांहीं संबंध नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरांत पोलिसांच्या एका गोदामांत अशा अत्याचाराच्या तपासणीच्या ११,००० हून अधिक पेट्या न तपासतां पडलेल्या आढळल्या. तेथील सरकारी वकील किम वर्दी यांनीं त्या तपासून घेण्यासाठीं वर्षानुवर्षें पैसा गोळा केला, आणि तपासणींत अनेक ठिकाणीं एकच माणूस पुनःपुन्हां गुन्हे करीत गेल्याचें उघड झालें. ज्या पेट्या धूळ खात होत्या, त्यांतील पहिली वेळेवर उघडली असती तर पुढच्या भरल्याच नसत्या. (ही पेटी मूळ शिकागोंतील मार्टी गॉडर्ड नांवाच्या बाईंच्या खटपटीनें १९७० नंतरच्या दशकांत निघाली, आणि कित्येक वर्षें ओळखली गेली ती मात्र व्हिटुलो नांवाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या नांवानें, हेंहि जगाच्या रीतीला धरूनच झालें.) श्रीमंत देशांत गोदाम मोठें असतें, एवढाच फरक.

सरकारपक्षीं अगदींच सामसूम आहे असें नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या नव्या फौजदारी संहितेनें सात वर्षें किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसाहाय्यक तज्ज्ञानें घटनास्थळीं जाण्याचें बंधन घातलें आहे, आणि तें पुरें करण्यास राज्यांना पांच वर्षांची मुदत दिली आहे. फिरत्या प्रयोगशाळेच्या गाड्या महाराष्ट्रांतहि रस्त्यावर आल्या आहेत. त्यांचीं छायाचित्रें आम्ही कौतुकानें पाहिलीं. परंतु छायाचित्र गाडीचें निघतें, बोळे वाळविण्याच्या चौकटीचें कोणी काढीत नाहीं. म्हणून गाडी येते, चौकट येत नाहीं. डी. एन्. ए. च्या प्रयोगशाळांना नियमांत बांधणारें जें विधेयक २०१९ सालीं लोकसभेंत आलें, तें २०२३ च्या जुलैमध्यें परत घेण्यांत आलें. अखेर १५ जुलै २०२५ रोजीं, तामिळनाडूंतील एका खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयालाच सबंध देशासाठीं नियम घालून द्यावे लागले: नमुना घेतांना कोण हजर होतें तें लिहावें, तपासी अधिकाऱ्यानें तो ४८ तासांच्या आंत प्रयोगशाळेंत पोंचवावा, उशीर झाल्यास कारण नोंदावें, न्यायालयाच्या परवानगीवांचून पाकीट पुन्हां उघडूं नये, आणि तें कोणाकोणाच्या हातून गेलें याची वही निकालापर्यंत राखावी. किराणा मालाच्या दुकानदारानेंहि न सांगतां पाळावी अशी ही शिस्त देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला लेखी द्यावी लागली! आतां आमच्या वकील स्नेह्यांना आमची विनंति एवढीच कीं, पुढच्या खटल्यांत रिपोर्ट काय आला हें विचारण्यापूर्वीं ती वही मागून पाहावी.

येथवर वाचून एखादी माता आम्हांस विचारील कीं, हें सर्व कोर्टकचेरीचें झालें. ईश्वर न करो, पण आमच्याच दारीं असा प्रसंग आला तर आम्हीं काय करावें? हा प्रश्न आम्हांस वरच्या सर्व वादापेक्षां मोठा वाटतो. अशा वेळीं घरांतील वडील बायकांच्या हातून जें पहिलें घडतें तें मायेनेंच घडतें: मुलीला न्हाऊं घालतात, अंगावरचे कपडे सोडवून भिजत टाकतात, जणूं पाण्यानें तें सर्व धुऊन जाईल. तें करूं नये. मुलीला तशीच, तिच्या इच्छेनें, जवळच्या रुग्णालयांत न्यावें. आधीं पोलिसांत फिर्याद दिलीच पाहिजे असें नाहीं. सरकारी असो कीं खाजगी, प्रत्येक रुग्णालयानें अशा स्त्रीवर विनामूल्य उपचार करणें कायद्यानें बंधनकारक आहे, आणि नाकारणें हा गुन्हा आहे. तपासणी तिच्या संमतीनेंच व्हावयाची. ती एखाद्या भागास नको म्हणाली तर तो भाग होणार नाहीं, आणि त्यावरून तिचे उपचार थांबवितां येणार नाहींत. चार दिवस उलटून गेले असले तरी जावें. नमुना न मिळाला तरी तिची हकीकत लिहिली जाते, आणि तिच्या प्रकृतीची काळजी घेतली जाते. कपडे तिनें बदललेच असले, तर ते न धुतां, झटकतां, सावलींत वाळवून, प्रत्येक वेगळा, साध्या कागदी पिशवींत ठेवावा. प्लास्टिकच्या पिशवींत ठेवूं नये. तेथें ओल धरते.